वलगावच्या पडद्यावर मुंबईची तबकडी

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागते. संत गाडगेबाबांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी या वलगावजवळच, पेढी नदीच्या काठी झाले. आता अशी कल्पना करा की, वलगावच्या एका शाळेतील मुलांनी आपल्या गावाविषयी एक संकेतस्थळ तयार केले आहे. त्यात गाडगेबाबांवर एक पान आहे. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी एका मुलीच्या लक्षात येते की, पानावर निधनाचे वर्ष १९५६ ऐवजी १९६५ असे पडले आहे! पुण्यतिथी अवघ्या दोन दिवसांवर आलेली. त्या दिवशी कोणी ते पान उघडेल, भाषणासाठी ते वर्ष उतरून घेईल आणि चूक गावोगाव पसरेल. ती ताबडतोब दुरुस्त केली पाहिजे.

पण ते पान आहे कोठे? शाळेच्या संगणकात ते नाही. ते आहे मुंबईत ठेवलेल्या एका संगणकात. जो कोणी मागेल त्याला पाने पुरविण्याचे काम हा संगणक रात्रंदिवस करीत असतो. अशा संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. मग त्या मुलीने मुंबईला जायचे का?

ती तसे काही करीत नाही. शाळेच्या संगणकावर तिला ‘सी’, ‘डी’ अशी ड्राइव्हची नावे दिसतात. त्यांच्याच ओळीत ‘झेड’ नावाची आणखी एक ड्राइव्ह असते. ती ‘झेड’ उघडते, पान उघडते, ६ आणि ५ या अंकांची अदलाबदल करते आणि ‘सेव्ह’ची कळ दाबते. काम अर्ध्या मिनिटात संपते. त्या क्षणापासून जगात कोणीही ते पान उघडले, तर त्याला १९५६ हेच वर्ष दिसते.

हे घडले कसे? मुंबईची तबकडी वलगावच्या संगणकात येऊन बसली की काय? मुळीच नाही. ‘झेड’ हा एक आभास आहे. पण हा आभास मोठा उपयोगी आहे, आणि तो कसा निर्माण होतो हे समजून घेतले नाही तर तो फसवतोही. म्हणून आज त्याची ओळख करून घेऊ या.

एक पाटी, दोन वाटा

संगणकातील माहिती साठविण्याच्या साधनाला ‘ड्राइव्ह’ म्हणतात. सुरुवातीच्या घरगुती संगणकांत पातळ, लवचिक तबकड्या घालण्याच्या दोन खाचा असत. त्यांची नावे ‘ए’ आणि ‘बी’. पुढे आत कायमची बसविलेली हार्ड डिस्क आली, तिला ‘सी’ हे अक्षर मिळाले. आज लवचिक तबकड्या वापरातून गेल्या आहेत आणि पुष्कळ संगणकांत फिरणारी तबकडीही नसते, तिच्या जागी चिप असते. पण अक्षरे मात्र तशीच राहिली आहेत.

ही अक्षरे म्हणजे दारावरच्या पाट्या आहेत. तुम्ही ज्या कार्यक्रमात लिहिता, तो स्वतः कधीच तबकडीला हात लावीत नाही. ‘सी ड्राइव्हमधील अमुक फाइल मला द्या’ एवढीच मागणी तो करतो. ही मागणी संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. तिच्याजवळ एक यादी असते. ‘सी’ या पाटीमागे आतील तबकडी आहे, असे यादीत लिहिलेले असेल तर मागणी तबकडीकडे जाते. ‘झेड’ या पाटीमागे दूरच्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असेल तर तीच मागणी संदेशाच्या रूपाने तारेतून त्या सर्व्हरकडे जाते. उत्तर आले की ते लिहिणाऱ्या कार्यक्रमाच्या हाती दिले जाते.

फाइल सी मधून आली की मुंबईहून, हे त्या कार्यक्रमाला कळतही नाही. किराणा दुकानात आपण साखर मागतो. ती दुकानदाराने पुढच्या बरणीतून काढली की मागच्या गोदामातून आणविली, याची आपण चौकशी करतो का? तसेच हे आहे. दूरच्या सर्व्हरचा पत्ता आपल्या संगणकाच्या यादीत एखाद्या अक्षरासमोर नोंदविणे, यालाच ‘ड्राइव्ह मॅप करणे’ म्हणतात. युनिक्स घराण्याच्या संगणकांत अक्षरांऐवजी एखाद्या फोल्डरच्या जागी ही जोडणी करतात. तिला ‘माउंट करणे’ म्हणतात.

याचा मोठा फायदा असा की, लिहिण्याचे, चित्रे दुरुस्त करण्याचे, हिशेबाचे जे कार्यक्रम केवळ आपल्या तबकडीसाठी बनविले होते, ते कोणताही बदल न करता दूरच्या फाइलींवरही चालू लागतात.

पाच चिठ्ठ्या

आता आपल्या मुलीने ते एक वर्ष दुरुस्त केले, तेव्हा वलगाव आणि मुंबई यांच्यामध्ये काय बोलणे झाले ते पाहू. संगणकांच्या या बोलण्याचे नियम ठरलेले असतात. अशा नियमांच्या एका संचाचे नाव आहे ‘वेबडॅव्ह’. आपण संकेतस्थळ पाहतो तेव्हा संगणक ‘एचटीटीपी’ नावाची बोली वापरतात. तिच्यातच काही नवे शब्द घालून वेबडॅव्ह तयार केले आहे. बोलणे साधारण असे होते :

पहिली चिठ्ठी ‘प्रॉपफाइंड’ : या फोल्डरमध्ये कोणकोणत्या फाइली आहेत, त्यांचा आकार काय, त्या शेवटी कधी बदलल्या?

दुसरी चिठ्ठी ‘लॉक’ : या पानाला माझ्या नावाने कुलूप लावा.

तिसरी चिठ्ठी ‘गेट’ : पानाचा मजकूर पाठवा.

चौथी चिठ्ठी ‘पुट’ : हा घ्या नवा मजकूर, जुन्याच्या जागी ठेवा.

पाचवी चिठ्ठी ‘अनलॉक’ : माझे काम झाले, कुलूप काढा.

प्रत्येक चिठ्ठीला सर्व्हर उत्तर देतो आणि उत्तराच्या सुरुवातीला तीन अंकी क्रमांक असतो. ‘४०४’ हा क्रमांक तुम्ही पडद्यावर कधीतरी पाहिला असेल. त्याचा अर्थ ‘असे पान येथे नाही’. वेबडॅव्हने या यादीत काही भर घातली. ‘४२३’ म्हणजे पानाला दुसऱ्याचे कुलूप आहे. ‘५०७’ म्हणजे ठेवायला जागा उरली नाही.

एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मुलीने बदलले केवळ दोन अंक. पण ‘पुट’ची चिठ्ठी फक्त दोन अंक घेऊन जात नाही, ती सबंध पान नव्याने घेऊन जाते. वहीतले एक अक्षर चुकले म्हणून सगळे पान पुन्हा लिहून काढावे, तसे.

ही युक्ती सुचली कशी?

दूरच्या संगणकातील फाइल हवी असणे ही गरज जुनी आहे. १९७१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या अभय भूषण यांनी एका संगणकातून दुसऱ्यात फाइल पाठविण्याचे नियम लिहिले. हेच पुढे ‘एफटीपी’ या नावाने प्रसिद्ध झाले. अभय भूषण हे भारतीय, अलाहाबादला जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. या पद्धतीत फाइल आपल्याकडे आणायची, बदलायची आणि परत पाठवायची, अशी तीन कामे आपण स्वतः करायची असतात. परत पाठवायला विसरलात, तर बदल आपल्याच घरात राहतो.

आणण्या-नेण्याचे हे काम संगणकानेच परस्पर करावे, ही पुढची पायरी. १९८४ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ‘एनएफएस’ ही पद्धत तयार केली. तिच्यामुळे एका संस्थेच्या आवारातील संगणक एकमेकांच्या तबकड्या आपल्याच असल्यासारख्या वापरू लागले.

१९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक जालासाठी, म्हणजे वर्ल्ड वाइड वेबसाठी, पहिला ब्राउझर लिहिला. त्यात पाने वाचता येत आणि लिहिताही येत. पण नंतर जे ब्राउझर लोकप्रिय झाले, ते बहुतेक फक्त वाचण्यापुरते होते. जालावर वाचणाऱ्यांची गर्दी झाली, पण लिहिण्याची सोय मागे पडली. ती उणीव भरून काढण्यासाठी १९९६ मध्ये जिम व्हाइटहेड यांनी पुढाकार घेतला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये वेबडॅव्हचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांची सुधारित आवृत्ती २००७ साली आली.

दूरची ड्राइव्ह जोडण्याची हीच एक वाट आहे असे नाही. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही संदेश सुरक्षित ठेवणारी पद्धत तयार केली. तिचा आधार घेऊनही दूरचा सर्व्हर ड्राइव्हसारखा जोडता येतो. त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

खेपांचा हिशेब

‘झेड’ दिसते ‘सी’च्या शेजारी. पण पडद्यावर जवळ दिसल्याने अंतर कमी होत नाही. शेतातला कापूस बैलगाडीने घरी आणताना दोन गोष्टींना महत्त्व असते : गाडीत माल किती मावतो आणि खेपा किती होतात. येथेही नेमके तेच आहे.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. वलगाव ते मुंबई तारेची वाट ८०० किलोमीटर धरू. एका दिशेला लागणारा वेळ :

८०० ÷ २,००,००० = ०.००४ सेकंद

जाऊन येण्याची एक खेप म्हणजे ०.००८ सेकंद. वाटेतील यंत्रे प्रत्येक संदेश तपासतात, रांगेत लावतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागतो. तो ०.०४ सेकंद धरू. डोळ्यांची पापणी लवण्यापेक्षाही हा वेळ कमीच!

मग ‘झेड’ ड्राइव्ह कधी कधी रेंगाळते ती का? समजा, फोल्डरमध्ये ३०० छायाचित्रे आहेत आणि एखादा कार्यक्रम प्रत्येक छायाचित्राची चौकशी एकामागून एक, वेगवेगळ्या चिठ्ठीने करतो. ३०० खेपांना ३०० × ०.०४ = १२ सेकंद लागतील. सर्व्हर मुंबईऐवजी अमेरिकेत असेल आणि एका खेपेला ०.२५ सेकंद लागत असतील, तर ७५ सेकंद होतील. तुमच्या इंटरनेटचा वेग दुप्पट केला तरी यात फारसा फरक पडणार नाही. कारण गाडी मोठी केली म्हणून बैल जलद चालत नाहीत.

यावर उपाय म्हणजे खेपा कमी करणे. ‘प्रॉपफाइंड’च्या एकाच चिठ्ठीत सबंध फोल्डरची यादी मागता येते. तीनशे खेपांचे काम एका खेपेत होते.

मोठी फाइल पाठविताना मात्र गाडीच्या आकाराला महत्त्व येते. ५ मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे ४० मेगाबिट. पाठविण्याचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असेल, तर १० सेकंद लागणारच. छायाचित्रे लहान करून मगच ‘झेड’मध्ये ठेवावीत ती यासाठी.

खेपा वाचविण्यासाठी संगणक आणखी एक युक्ती करतो. एकदा आणलेली फाइल तो काही वेळ स्वतःजवळ राखून ठेवतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. त्यामुळे काम झटपट होते, पण मुंबईतले पान बदलले तरी काही काळ तुम्हाला जुनेच दिसू शकते. ‘मी १९५६ केले, तरी मैत्रिणीला १९६५ च कसे दिसते?’ याचे उत्तर पुष्कळदा मैत्रिणीच्या संगणकाच्या कॅशमध्ये सापडते.

दोघांनी एकच पान उघडले तर?

आता आपल्या गोष्टीकडे परत येऊ. वर्ष दुरुस्त करणाऱ्या त्या मुलीचा एक वर्गमित्र त्याच संध्याकाळी अमरावतीला नातेवाइकांकडे बसून तेच पान लिहितो आहे. रविवारी तो गावातल्या तीन वृद्धांना भेटला आणि त्यांच्या बाबांविषयीच्या आठवणी ऐकून आला. त्या तो पानात घालतो आहे. त्याने पान उघडले ६ वाजून ५० मिनिटांनी, मुलीने ६ वाजून ५५ मिनिटांनी. दोघांच्याही संगणकात आता जुन्या पानाची एकेक प्रत आहे.

सात वाजता मुलाने पान साठविले. सात वाजून पाच मिनिटांनी मुलीने साठविले. काय होईल? मुलीची प्रत सबंध पानाची आहे आणि तिच्यात आठवणी नाहीत. सर्व्हर मुलाचे पान काढून मुलीचे ठेवतो. वर्ष बरोबर झाले, पण तीन वृद्धांच्या आठवणी गेल्या! पडद्यावर चूक दाखविणारी एक ओळही उमटत नाही. दोघांनाही वाटते, आपले काम व्यवस्थित पार पडले.

आता क्रम उलटा करून पाहा. मुलीने आधी साठविले आणि मुलाने नंतर. आठवणी टिकल्या, पण मुलाच्या प्रतीत जुनेच वर्ष होते. दुरुस्त झालेली चूक पानावर परत आली! आणि मुलगी तर निश्चिंत झोपी गेली आहे.

हे टाळण्यासाठीच ‘लॉक’ची चिठ्ठी असते. मुलाने आधी कुलूप लावले असते, तर मुलीला ‘४२३’ हे उत्तर मिळाले असते. ती पाच-दहा मिनिटे थांबली असती. अर्थात कुलूप लावून कोणी विसरून गेले किंवा त्याचा संगणक बंद पडला तर? म्हणून कुलपाला मुदत असते. मुदत संपली की सर्व्हर ते स्वतःच काढू शकतो.

पण सर्वच कार्यक्रम कुलूप मागत नाहीत. साधे कार्यक्रम फाइल वाचतात आणि लगेच हात काढून घेतात. तेथे दुसरा उपाय उपयोगी पडतो. सर्व्हर पानाच्या प्रत्येक आवृत्तीवर एक खूण करतो. तिला ‘ईटॅग’ म्हणतात. साठविताना संगणक सांगतो, ‘मी पाहिलेली खूण अजून तीच असेल तरच हा मजकूर ठेवा.’ मधल्या वेळात पान बदलले असेल तर खूण जुळत नाही आणि सर्व्हर ‘४१२’ असे उत्तर देऊन नकार देतो. म्हणजे निदान चूक गुपचूप घडत नाही.

वीज गेली तर?

आपल्या संगणकातील फाइल आणि ‘झेड’मधील फाइल यांत आणखी एक मोठा फरक आहे. आपली फाइल आपण एकटेच पाहतो. ‘झेड’मधील पान मात्र साठविल्याच्या क्षणी जगापुढे जाते. अर्धे वाक्य लिहून ‘सेव्ह’ दाबले, तर अर्धे वाक्यच लोक वाचतात. निम्मे पान पोचले आणि वीज गेली, तर काही सर्व्हरांवर निम्मेच पान उरू शकते.

म्हणून जाणते लोक एक साधी रीत पाळतात. नवा मजकूर आधी वेगळ्या नावाने, उदाहरणार्थ ‘नवे-पान’ म्हणून पाठवितात. तो पूर्ण पोचला याची खात्री करतात. मग ‘मूव्ह’ या चिठ्ठीने त्याला मूळ नाव देतात. नाव बदलण्यासाठी सबंध मजकूर पुन्हा पाठवावा लागत नाही, त्यामुळे ते क्षणात होते. जुने पानही ते फेकून देत नाहीत, त्याच्यावर तारीख घालून बाजूला ठेवतात.

आणि चिठ्ठ्या वाटेत कोणी वाचल्या तर? सर्व्हरला आपली ओळख पटविण्यासाठी नाव आणि गुप्तशब्द पाठवावा लागतो. सर्वांत साध्या पद्धतीत तो ‘बेस ६४’ नावाच्या लिपीत लिहिलेला असतो. ही लिपी म्हणजे कुलूप नव्हे. मोडी येणारा जशी मोडी वाचतो, तशी ती कोणताही संगणक वाचू शकतो. म्हणून पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ने झालेली आहे ना, हे पाहूनच ड्राइव्ह जोडावी. त्या जोडणीत प्रत्येक चिठ्ठी बंद लिफाफ्यात जाते. आणि शाळेच्या संगणकावर काम संपले की ‘झेड’ची जोडणी तोडावी, नाहीतर पुढे बसणाऱ्याच्या हाती तुमच्या सर्व्हरची किल्ली राहते.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. एक विद्यार्थी ‘सर्व्हर’ होऊन वर्गाच्या एका टोकाला बसेल. त्याच्याजवळ एका कागदावर पाच ओळींचा मजकूर असेल आणि त्यात मुद्दाम एक चूक केलेली असेल. दुसऱ्या टोकाला दोन ‘संपादक’ पाठ करून बसतील. एक विद्यार्थी चिठ्ठ्यांची ने-आण करील.

पहिल्या वेळी फक्त ‘गेट’ आणि ‘पुट’ या चिठ्ठ्या वापरा. ‘गेट’ला सर्व्हरने मजकुराची प्रत करून द्यावी. एका संपादकाने चूक सुधारावी, दुसऱ्याने एक ओळ वाढवावी. ‘पुट’ आल्यावर सर्व्हरने जुना कागद काढून नवा ठेवावा. शेवटी सर्व्हरजवळचा कागद मोठ्याने वाचा. कोणाचे काम गेले? दुसऱ्या वेळी ‘लॉक’ आणि ‘अनलॉक’ वापरा. खेपा किती वाढल्या आणि काम किती वाचले, हे फळ्यावर लिहा. तिसऱ्या वेळी कुलूप लावून एक संपादक वर्गाबाहेर निघून जाऊ द्या आणि सर्व्हरने काय करावे यावर चर्चा करा.

त्या मुलीचे पान आता बरोबर झाले आहे. पण जायच्या आधी तिने आणखी एक काम केले. दुरुस्त पानाची एक प्रत तिने आपल्या ‘सी’ ड्राइव्हमध्ये ठेवली आणि वर्गमित्राला फोन करून सांगितले, ‘मी वर्ष बदलले आहे. तू साठविण्याआधी पान पुन्हा उघडून बघ.’ कुलूप, खूण, लिफाफा या सर्व सोयी हुशार माणसांनी करून ठेवल्या आहेत. पण ‘झेड’च्या पाटीमागे सामाईक वही आहे, हे ज्याच्या लक्षात राहते, त्याच्याच हातून तीन वृद्धांच्या आठवणी सुरक्षित राहतात.